ओपलचं अडतीस बोअर

माझी बायको ओपल गेल्याचा फोन हॉस्पिटलातून मंगळवारी सकाळी आला. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, मी तिचं अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर कागदी पिशवीत घालून विकायला नेलं. बंदुकांच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारी बाई दुकानदाराशी बोलत होती.

"नऊ एमएमचं पिस्तूल घ्या, थेल्माकाकू. दणका कमी बसतो."

"आमचे हे म्हणायचे, पंचेचाळीसच हवं."

"त्यांचे हात फावड्याएवढे होते. गोळी चढवायला याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, ओढून दाखवा बघू."

"नाही रे ओढवत. संधिवाताने बोटं गेली."

"मग अडतीसचं रिव्हॉल्व्हर. नुसता चाप दाबायचा."

"त्याने माणूस थांबेल?"

"नेम लागला तर. पंचेचाळीसने तुम्ही फक्त भिंत पाडाल."

"थट्टा नको, वेस. लेक माझ्याकडे पळून आलीय. जावई म्हणतो, रविवारी न्यायला येतो. शेरीफच्या पोलिसांना आमच्याकडे पोचायला पाऊण तास लागतो."

"अडतीस संपलंय, काकू. पुढच्या महिन्यात येईल."

"रविवार परवावर आलाय."

ती बाहेर गेली. माझा नंबर आल्यावर मी पिशवी न उघडताच नुसता काडतुसांचा भाव विचारला आणि परत आलो.

आज शनिवार. पिशवी गाडीतच आहे. थेल्माबाईंचं घर कुठे, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.