अकरा सतरंजीखाली, एक बाहेर

मूळ आम्ही शिंदखेड्याकडचे, तापीच्या काठचे, म्हणजे जी तापी इथं सुरतेत येऊन दर्याला मिळते तीच तापी आमच्या गावाखालून जाते, म्हणून मी माझ्या सासूला म्हणायचे की आम्ही कुठं लांब नाही आलो, पाण्याच्या मागं मागं आलो. माझा मामा मोहोळ काढायचा. डोंगरात जायचा, मध घेऊन यायचा, अन् आम्हा पोरांना सांगायचा की माशी उठली तर पळू नका, पळणाऱ्याच्या मागं माशी पळते, जिथं असाल तिथं बसा अन् अंग झाका. ते माझ्या डोक्यात राहिलं व्हतं. शाळा माझी चौथीपर्यंत.

लग्न झालं अन् सुरतला आले. ज्योतीचे पप्पा बमरोलीला लूमच्या खात्यात, बारा तास उभ्याचं काम, अन् मी चाळीत बसून साड्यांचे धागे कापायचे. ज्योती एकटीच, तिच्यानंतर मला झालं नाही. ती मराठी शाळेत जायला लागली तवा मी तिला सोडायला जायची, फाटकाशी थांबायची, ते बघून तिथल्या मोठ्या बाई म्हणाल्या, सिंधूबाई, रोज येताच तर आयाचं काम करा की. असं मी शाळेत लागले. पाणी भरायचं, वर्ग झाडायचे, बारकी पोरं रडली तर धरायची. सगळे मला काकू म्हणायचे, माझी ज्योती बी शाळेत मला काकूच म्हणायची, बाकीच्या पोरी हसतात म्हणून.

आमच्या शाळेत कुवर सर व्हते, इतिहास शिकवायचे. उंच, किडकिडीत, कायम एक करड्या रंगाचा स्वेटर. प्लेगचं साल तुम्हाला आठवत असेल ताई, सगळी सुरत रिकामी झाली व्हती, आम्ही बी गावाला पळालो, दिवाळी गावीच झाली, मंग हळूहळू परत आलो. पोरं शाळेत आली पण नुसती बावरलेली, कुणी खोकललं तरी एकमेकांकडं बघायची. तवा सर म्हणाले, ही लेकरं यंदा नुसती भ्यायलाच शिकलीत, त्यांना एक दिवस बाहेर नेऊ. थंडीत सहल काढली, मोठ्या पोरांची. आधी बारडोलीचा आश्रम, मंग व्यारावरून पुढं सोनगडचा किल्ला. सर म्हणाले, किल्ला गायकवाडांचा आहे, मराठ्यांचा आहे, या पोरांना वाटतं आपण इथं काल आलो, त्यांना कळू दे की आपली माणसं इकडं फार आधीपासून आहेत. सोबत एक बाई अन् मी. ज्योती सहावीत व्हती, तिला तर सरांचं भारी वेड, सर बोलायला लागले की ही पुढं जाऊन उभी.

बारडोलीला पोरांनी चरखा बघितला. सोनगडला पोहोचलो तवा ऊन चढलं व्हतं. बस खाली राहिली, आम्ही चढलो. सर मधेमधे थांबायचे, हा दरवाजा बघा, शत्रूचा हत्ती सरळ धावत येऊ नये म्हणून वाट अशी वळवलीय, अन् पोरं हत्ती कुठं उभा राहिला असेल ते बघायची. वर सपाटी आहे, तटाची भिंत, पाण्याचं टाकं, एक देऊळ. सगळं बघून झालं तवा पोरगे भुकेनं ओरडायला लागले, तर बाई पोरग्यांना घेऊन खाली उतरल्या, जेवणाचे डबे बसमधेच व्हते. पोरी म्हणाल्या आम्ही जरा वरच बसतो. मी दोन मोठ्या सतरंज्या वर आणल्या व्हत्या, एक अंथरली, पोरी बसल्या. तेवढ्यात सर म्हणाले, तटाला एक चोरवाट आहे, कुणाला बघायची? चार पोरी उठल्या, अकरा बसून राहिल्या. त्या चौघींतली ज्योती माझ्याकडं आली, हळूच म्हणाली, काकू, जाऊ? मी म्हटलं, जा.

मीच म्हटलं, जा.

माशी कशानं उठली कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणे कुणी गवत पेटवलं व्हतं, कुणी म्हणे घारीनं पोळ्याला चोच मारली. तटाच्या कमानीखाली आग्यामोहोळ व्हतं, आम्हाला दिसलंच नव्हतं. आधी मला आवाज आला, खात्यात पन्नास लूम एकदम चालू केल्यावर येतो ना, तसा. वर बघितलं तर आभाळात काळा पट्टा हलत व्हता. मी ओरडले, बसा, खाली बसा, डोकी मधे करा, अन् दुसरी सतरंजी ओढून सगळ्यांवर टाकली अन् मी बी आत शिरले, कडा गुडघ्याखाली दाबल्या, एका बाजूला बूड टेकलं, जिथं पुरेना तिथं कड मुठीत धरून जमिनीला दाबली. हात तेवढे बाहेर राहिले.

आत अंधार, धूळ, अकरा पोरी एकमेकींच्या अंगावर. कुणी रडते, कुणी उलटी केली, कुणी देवाचं नाव घेते. वरून सतरंजीवर माश्या पडत व्हत्या, जोंधळे ओतावेत तशा. मी म्हणत व्हते, हलू नका गं, कुणी हलायचं नाही, कड कुणी उचलायची नाही. माझ्या बोटांवर चावे बसत व्हते, मी मूठ सोडली नाही.

अन् तवा ती हाक आली. माय. ताई, शाळेत ती मला काकू म्हणायची, पण ती हाक माय अशी आली. मी समजले की ही कुठं लपली नाही, ही पळत माझ्याकडं येतेय. मामा म्हणायचा तेच, पळणाऱ्याच्या मागं माशी. पुन्हा आली, माय. जवळ. आमच्या चाळीच्या नळापासून या दारापर्यंत असेल, तेवढंच अंतर. माझ्या मांडीला लागून मनीषा बसली व्हती, आमच्याच चाळीतली, ज्योतीची मैत्रीण, ती म्हणाली, काकू, ज्योती हाक मारते. मी म्हटलं, गप.

काय सांगू तुम्हाला. माझं अर्धं अंग उठलं व्हतं. गुडघा उचलला असता तर कड उघडी पडली असती, अन् माश्या आत शिरल्या असत्या तर त्या अंधारात त्या अकरा जणी कुठं पळाल्या असत्या, पलीकडं तट, तटाखाली दरी. हे मी तवा सगळं विचार करून ठरवलं असं नाही. लोक नंतर म्हणाले, सिंधूबाईनं मन किती घट्ट केलं. मी काही घट्ट केलं नाही. गुडघा उचललाच नाही, एवढंच खरं. तिसऱ्यांदा हाक आली, ती मधेच तुटली. मंग आली नाही.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. खालच्या वस्तीतले लोक धावत आले, घोंगड्या पांघरून, हातात ओल्या पाल्याचे धुमसणारे पेंढे. एक म्हातारा गामीत आदिवासी गुजरातीत म्हणाला, बेन, हवे उठो, गई, म्हणजे आता उठा, माशी गेली. मी सतरंजी काढली अन् पहिल्यांदा पोरी मोजल्या, ताई. अकरा. मंग पळाले.

तीन पोरी देवळात शिरून दार लावून बसल्या व्हत्या, त्यांना दोनचार चावे. ज्योती वाटेत पडली व्हती अन् सर तिच्यावर पालथे पडले व्हते, स्वेटर काढून तिच्या डोक्याला गुंडाळलेला, अन् ते स्वतः नुसत्या सदऱ्यावर. सरांची पाठ, मान, कान, काही दिसत नव्हतं, नुसत्या माश्या. लोकांनी दोघांना घोंगडीत घालून खाली नेलं, सोनगडच्या दवाखान्यात, मंग तिथून सुरतला. सर तीन दिवस शुद्धीवर नव्हते. ज्योतीचं तोंड एवढं सुजलं की डोळे दिसेनात. माझे हात भाकरीसारखे फुगले, तिला पाणी पाजता येईना, नर्स पाजायची.

दुसऱ्या दिवशी ती बोलली. डोळे मिटलेलेच. म्हणाली, माय, तू काबर उनी नही? का नाही आलीस?

मी म्हटलं, मले ऐकूच नही उनं बेटा.

हे मी खोटं बोलले. तोंडातून निघून गेलं, अन् एकदा निघालं ते निघालं. तिनं मान पलीकडं केली. तिचे पप्पा खात्यातून सरळ आले, त्यांनी एकदाच म्हटलं, लोकायच्या पोरी झाकल्या अन् आपली बाहेर ठेवली. पुन्हा कधी म्हटले नाहीत. पण एकदा म्हटलं ते काय कमी आहे?

आठ दिवसांनी आम्ही घरी आलो तर चाळीत बायांची रांग. त्या अकरा पोरींच्या आया, कुणी पांडेसऱ्याहून, कुणी उधन्याहून, नारळ, खण, हळदकुंकू. मला पाटावर बसवलं, एकेक जण ओटी भरते, पाया पडते, तुम्ही होत्या म्हणून माझी लेक राहिली. अन् समोर खाटेवर माझी लेक, अर्धं तोंड अजून सुजलेलं, भिंतीला टेकून एका डोळ्यानं हे सगळं बघतेय. मी पदर पसरून बसले व्हते अन् मला वाटत व्हतं जमीन फाटावी. नाही म्हणता येईना. मनीषाची आई म्हणाली, तुम्ही तर देवीच. ज्योती उठून बाहेर गेली.

सर बरे झाले, पण एका कानानं ऐकू येणं गेलं. शाळेत चौकशी झाली, सरांनी लिहून दिलं की सहल माझी, जबाबदारी माझी. मी एक दिवस त्यांच्याकडं गेले अन् विचारलं, सर, मी बरोबर केलं का? ते म्हणाले, सिंधूबाई, तुम्ही उठला असता तर अकरा घरी मी काय तोंड दाखवलं असतं? मी म्हटलं, ते तुमच्यासाठी झालं सर. माझ्या घरी मी काय तोंड दाखवू?   ते म्हणाले, तिला खरं सांगा. मी तिच्या तोंडाशी होतो, तिच्या हाका मी ऐकल्या, तुमच्यापर्यंत न पोहोचण्याएवढ्या त्या बारीक नव्हत्या.

मला नाही झालं. मंग एकदा पाण्यावरून ज्योतीचं अन् मनीषाचं भांडण झालं, अन् मनीषा बोलून गेली, तुझ्या आईनं ऐकलं होतं, मी सांगितलं तर मलाच गप म्हणाली. त्या दिवसापासून घरात दोन माणसं एकमेकींशी कामापुरतं बोलायला लागली. चहा हवा? हो. वही आणायची? आण. ती माझ्याजवळ निजायची ते बंद झालं. अशी चार वर्षं, ताई. रोज वाटायचं आज विचारेल. अन् रोज वाटायचं आज नको विचारू.

ती दहावीची परीक्षा देऊन घरी बसली व्हती तवा एक दिवस आम्ही दोघी समोरासमोर साड्यांचे धागे कापत व्हतो. मान खाली, कात्री चालू. तिनं मान वर न करताच विचारलं, किती हाका ऐकल्या व्हत्या तू? माझ्या हातातली कात्री थांबली. मी म्हटलं, तीन. तिसरी अर्धी व्हती. ती म्हणाली, मंग? मी म्हटलं, मंग मी आले नाही. त्या पोरी उघड्या पडल्या असत्या म्हणून आले नाही, अन् भ्याले बी व्हते, दोन्ही खरं. ती म्हणाली, मंग खोटं काबर बोलली? मी म्हटलं, तू मला माय म्हणायचं सोडशील म्हणून. ती बराच वेळ साडीची किनार चाचपत बसली. मंग म्हणाली, तू काबर नही उनी ते मले दोन वर्षांनीच समजलं व्हतं. अकरा जणी व्हत्या, मी मोजलं व्हतं मनात. खोटं बोलली ते समजत नव्हतं. अन् रडली. मी बी रडले, पण उठून तिला जवळ घ्यायचं धाडस मला झालं नाही, तीच उठली, पाणी पिऊन आली, माझ्यापुढं बी तांब्या ठेवला, अन् पुन्हा कात्री घेतली.

आता ती अकरावीला आहे. कपाळावर एक बारीक खूण राहिली, बाकी काही नाही. मी अजून त्याच शाळेत आहे. तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही अन् विचारणार बी नाही, असं विचारायला माणसाचा काही हक्क लागतो. पण सकाळी मी निघते तवा माझा डबा ती भरते, भाकरीवर चटणी घालून फडक्यात बांधून हातात देते, अन् कधी कधी दारापर्यंत येते. तेवढं पुरे आहे मला. त्या अकरा जणी जिथं असतील तिथं सुखात राहोत, दोघींची तर लग्नंबी ठरली म्हणतात. अन् माझ्या ज्योतीसाठी मी एकच मागते, उद्या तिला लेकरं होतील, तर देवा, तिला असं कधी बसवू नको, की कोणाला झाकू अन् कोणाला नको.