लवूचा फासा

नातू आनंदा, मेल्याने आपल्या खेळात आजोबांचं, लवूचं, नाव घातलं आणि घरात विचारलंही नाही, हे शांताबाईंना खुपत होतं. परळच्या जुन्या गिरणीच्या जागेवरच्या हॉलात खेळांचा मेळावा होता. आनंदा गोष्ट सांगे आणि अनोळखी पोरं त्यातली माणसं होत. त्या मागे खुर्ची ओढून ऐकत बसल्या.

"संपाचा आठवा महिना. तू लवू, साचेवाला, गिरणीत माग चालवणारा. पोरगी तापाने फणफणलीय, औषधाला पैसा नाही. गिरणीचा मागचा दरवाजा उघडा आहे. कामावर जातोस?"

"नाही. चाळीत तोंड कसं दाखवणार?"

"हा वीस बाजूंचा फासा टाक. दहाच्या वर पडले तर घरीच थांबशील."

"चार."

"मग गेलास. लवू फितूर."

"पोरगी तरी वाचते?"

"नाही."

"म्हणजे फुकटच शेण खाल्लं याने."

"लवू होताच तसा कच्चा," आनंदा म्हणाला.

शांताबाईंनी उठून टेबलावरचा फासा मुठीत घेतला.

"आनंदा, तुझे आजोबा तीन दिवस उंबऱ्यात बसून होते, हलत नव्हते. हातात डबा देऊन त्यांना मी बाहेर काढलं. चाळ त्यांच्यावर थुंकली तेव्हा मी दार लावून गप्प बसले. तुला फितूर हवा ना, मग त्यांचं नाव खोड आणि शांता लिही."