पाहुण्याला दिलेलं पाणी

आमच्या आत्यामुळे वडिलांची मंत्र्यांसमोर चांगलीच पंचाईत झाली होती. महाराष्ट्र नुकताच झाला होता. श्रीवर्धनकडच्या आमच्या गावची विहीर खारी. नळासाठी वडील मुंबईला खेपा घालून थकले, तेव्हा कुठे मंत्री स्वतः पाहायला आले. आत्याने दिलेलं पाणी पिऊन म्हणाले, “गोड तर आहे. मग तक्रार कसली?”

वडिलांचा चेहरा पडला. “अगं, विहिरीचं का नाही दिलंस?”

“पाव्हण्याला खारं देऊ व्हय? डोंगरापलीकडच्या झऱ्यावरनं आणलं.”

“मला विहिरीचंच द्या,” मंत्री म्हणाले.

“न्हाय देनार.”

शेवटी ते स्वतः विहिरीवर गेले, पोहरा ओढला, घोटभर प्यायले आणि तिथेच थुंकले. नळ त्याच वर्षी मंजूर झाला. आत्या मात्र कितीतरी दिवस वडिलांशी बोलली नाही. “घरी आलेल्या माणसाला थुंकायला लावलंन,” म्हणायची.