‘येऊ का?’चं उत्तर

‘चार दिवस राहायला येऊ का?’ असे धाकट्या बहिणीने पत्रातून विचारले होते. मी मसुद्यांवर मसुदे करत बसलो आणि उत्तर राहूनच गेले. काल पोस्टाच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपे होते.

“लेकीला काय लिहिलंत? वाचा बघू.”

“‘तुझ्या आगमनाने आम्हां उभयतांस परमानंद होईल...’”

“अहो, लेक आहे ती, मंत्री नाही! म्हणायचंय काय तुम्हाला?”

“ये म्हणून.”

“मग तेच लिहा की!”

“एवढंच? कोरडं वाटेल गं.”

“मग सकाळपासून तिची खोली झाडत होतात, तेही लिहा.”

माझी पाळी आली. मी एक कार्ड घेतले आणि तिथेच उभ्याने लिहिले, ‘ये. तुझ्या खुर्चीवरची पुस्तके आजच उचलतो.’

पुन्हा न वाचता ते पेटीत टाकले.