गोग्रासाची बादली

…नाही, तेवढं डॉक्टर म्हणू नका मला, हात जोडतो. काका म्हणा, अरविंद म्हणा, तिसऱ्या मजल्यावरचे ते वाकडे गृहस्थ म्हणा, चालेल, पण डॉक्टर म्हटलं की मला ती बादली दिसते. निळी. घट्ट झाकणाची. तरुणपणी मला वाटायचं, माणसाला तोंड लपवायची वेळ यायला काहीतरी जंगी करावं लागत असेल… लाच खाल्ली, कुणाचं घर बुडवलं, असलं काही. मला एक बादली पुरली.

झालं काय, आमची सोसायटी कोपरखैरण्यात, मागच्या भिंतीला लागून बोनकोडे गाव, आणि गावात काशी. काशीच्या दोन गाई, सोनी आणि चंद्री, दोन्ही गाभण. तर ऐन पावसाळ्यात एका सकाळी काशी आमच्या दारात उभी, पदर ओला, श्वास लागलेला, "डाक्टर, माजी सोनी गाभरली वं. सातवा चालला होता. वासरू मेलेलंच पडलं. चला तुमी, बघा."

आता गाय गाभडणे, म्हणजे गर्भपात, हा विषय कोणाचा? माझा. पीएचडी माझी त्यातच. म्हणजे तुम्हाला सांगतो, जन्मभर मला कशाचीच खात्री वाटलेली नाही, कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, लग्नाच्या मुहूर्तावरसुद्धा भटजींना विचारलं होतं की नक्की हीच वेळ ना… पण गाईच्या गर्भपाताची खात्री. तेवढी एकच. ती एकदाची वापरायला मिळाली, त्याचा आनंद झाला हो मला. त्या बाईचं वासरू गेलंय आणि मी आनंदानं चपला शोधतोय. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कमी वाईट वाटेल.

गोठ्यात गेलो. मास्क, हातमोजे, त्यावर आणखी एक जोड, आणि उभा कुठे राहिलो, तर दारात. कारण मी प्रयोगशाळेतला माणूस, गाय मी बहुतेक काचेच्या नळीतूनच पाहिलेली. तिथूनच भाषण सुरू केलं. "काशी, गाय गाभडते त्याला अनेक कारणं असतात, जंतू असतात, विषाणू असतात, बुरशी असते, विषारी चारा असतो, मुका मार असतो…" काशी म्हणते, "त्यातलं सोनीला काय झालं, तेवरं सांगा." आणि मी, एक क्षणही न थांबता, म्हणालो, ब्रुसेला नावाचा जंतू. का? तर माझी पीएचडी ब्रुसेलावर. दुसऱ्या कशावर असती तर दुसरं काही म्हणालो असतो.

वासराच्या अंगावर नायट्यासारखे गोल चट्टे होते. पाहिले मी. चिखल असेल म्हटलं. वासराबरोबर पडलेली वार जाड झाली होती, चामड्यासारखी. तीही पाहिली. दारातून तशी दिसत असेल म्हटलं. विषय माझा ना. दुसरं कुणी असतं तर जवळ जाऊन बघितलं असतं.

मग हुकूम सोडले. वारेचा तुकडा, वासराच्या पोटातलं पाणी, सोनीचं रक्त, सगळं बर्फात घालून नजीबच्या प्रयोगशाळेत. नजीब माझा जुना विद्यार्थी, उरणकडचा, फार गुणी. उरलेलं खोल पुरा, वर चुना टाका. सोनीला वेगळी बांधा, पार तिकडे नाल्याकडे. इथपर्यंत तुम्हाला सांगतो, एकही गोष्ट चुकीची नव्हती, पुस्तकात असंच आहे, ते पुस्तकही माझंच आहे. पण घरी येताना जिन्यात भेटला निशांत. हा आमचा सेक्रेटरी. "काका, काशीकडे काय झालं? माणसांना होतो का हो हा रोग? दुधातून? ग्रुपवर टाकू?" आणि मी त्याला नको म्हणायचं सोडून मजकूर सांगितला. स्वल्पविरामांसकट. संध्याकाळपर्यंत अर्ध्या इमारतीनं काशीचं दूध बंद केलं, आमच्या शेजारची क्षिप्रा मला विचारते, "काका, मी परवा गेटवर चंद्रीला हात लावला होता, ऑफिसला जाऊ ना?" आणि मी तिला, देवा शप्पथ, विचार करून उत्तर दिलं.

चार दिवसांनी नजीबचा फोन. फार अदबीनं बोलतो हो तो, अदबच लागते जिव्हारी. "सर, तब्येत बरी ना? सर, ते ब्रुसेला नाही निघालं. बुरशी आहे. वारेत भरपूर आहे, वासराच्या पोटातही. सर… गाय काय खात होती?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"सर, तुम्हीच शिकवायचात ना आम्हाला. गाय गाभडली की पहिला प्रश्न, काय खाल्लं. जो विचारणार नाही त्याला मी वर्गाबाहेर काढीन म्हणायचात."

आता मला सांगा, स्वतःला वर्गाबाहेर कसं काढायचं असतं?

आणि काय खाल्लं, हे मला माहीत होतं. तेच तर. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत उठून मीच बोललो होतो, सभेत मी कधी बोलत नाही, नेमका तेव्हा बोललो. घराघरात पोळ्या उरतात, त्या कचऱ्यात कशाला, पार्किंगमध्ये एक बादली ठेवू, वर 'गोग्रास' लिहू, काशी घेऊन जाईल, आपल्याला पुण्य, तिला चारा. टाळ्या पडल्या हो. मग वॉचमन म्हणाला, कावळे येतात. तर मी स्वतः वाशीला जाऊन झाकणाची बादली आणली, हवा आत जाणार नाही अशी. पावसाळ्याची दमट हवा, पिशव्यांना गाठी मारलेल्या शिळ्या पोळ्या, ब्रेडचे तुकडे, भिजलेला नैवेद्य, वर घट्ट झाकण… अहो, प्रयोगशाळेत बुरशी वाढवायला आम्ही मशीन वापरायचो, तेही इतकं चांगलं चालत नसे. काही ती बादली रोज रिकामी होत नव्हती, तळातलं तळातच राहायचं. आणि ती बुरशी गाईच्या पोटातून रक्तात, रक्तातून वारेत. विषय कोणाचा? माझा. बादली कोणाची? माझी.

काशीकडे जायला पाय उचलेना. नंदिनी, म्हणजे आमची ही, म्हणाली, "मी येते. तुम्ही एकटे गेलात तर पुन्हा कारणं किती प्रकारची असतात तेच सांगत बसाल."

गेलो. म्हटलं, "काशी, ते ब्रुसेला नाही. बुरशी आहे."

"कसली बुरशी?"

"पोळ्यांवरची."

"कोनाच्या पोल्यांवरची?"

"म्हणजे… सोसायटीच्या."

नंदिनी मागून, "आमच्याही होत्या, काशी. आणि बादली यांची."

काशीनं हातातली चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. म्हणाली, "मी पन आंधली. हिरवं दिसलं तर झटकून घालायची. डाक्टरांची बादली हाय, म्हटलं, वाईट कशी असंल?" आणि मग हळूच, "सोनीला तुमी तिकरं बांधायला लावलीत, ती खाईना. तिच्या वाटच्या पोल्या मी चंद्रीला घातल्या. पोटुशी हाय म्हनून."

चार दिवस. दुप्पट. माझ्या सल्ल्यानं.

नंतर काय करायचं ते केलं. बादली त्याच क्षणी बंद, काशीच्या गोठ्यात फक्त कोरडा चारा, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर. निशांतला म्हटलं, लिही ग्रुपवर, चूक माझी, काशीचं दूध चांगलं आहे, नेहमीसारखं उकळून प्या. तो म्हणाला, "काका, जरा मोघम लिहू का?" म्हटलं, नको, मोघम बोलायचं तेव्हा मी ठाम बोललो, तीच तर चूक. लोकांनी दूध पुन्हा सुरू केलं. पण चंद्रीच्या पोटात काय चाललंय हे कोण सांगणार? पाचवा महिना होता तिचा. मी रोज सकाळी जाऊन गोठ्याबाहेर उभा राहायचो. आत काशी धारा काढत म्हणायची, "आला बघा गुन्हेगार. डाक्टर, तुमी तिला बघू नका हो इतकं, ती तुमच्याकडं बघून रवंथ सोरते." सहावा गेला. सातवा आला तेव्हा मी जेवलो नाही धड, आठव्यात जरा जेवलो, नवव्यात नंदिनीनं मला देवासमोर बसवून ठेवलं, म्हणाली, निदान गाईला तरी त्रास नको.

आणि एका दुपारी निरोप. धावलो. काशी आतून ओरडली, "तिथंच थांबा, काय बोलू नका." थांबलो. बोललो नाही. वासरू पडलं, ओलंचिंब, आडवं, निश्चल… आणि मग कान हलवला त्यानं. एकच. मग उठायला बघतंय, पडतंय, पुन्हा उठतंय. कालवड होती. अंगावर एकही चट्टा नाही, या वेळी मी जवळ जाऊन बघितलं, गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून. काशी म्हणते, "आता तरी विचारा ना, काय खाल्लं तिनं." मी विचारलं. ती म्हणाली, "कडबा." मला रडू आलं हो कडब्याचं.

संपलं असतं ना तिथेच? नाही. पुण्याचं खातं बंद कसं ठेवायचं, म्हणून सोसायटीनं बादली पुन्हा सुरू केली, बिनझाकणाची, रोज रिकामी करायची, आणि काशीनं अट घातली की प्रत्येक पोळी डाक्टरनी हुंगल्याशिवाय गोठ्यात येनार नाय. तर आता मी रोज सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतो. लोक येतात, पिशवी उघडतात, मी उजेडात धरतो, हुंगतो, पास, नापास. परवा तर एक बाई घरचं श्रीखंड घेऊन आल्या, "काका, जाताजाता हेही बघता का?"

निशांतनं वर पाटी लावलीय. 'गोग्रास तपासणी : डॉ. अरविंद, पीएचडी.' निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझी पदवी कुठेतरी लागली… आणि तीही बादलीवर. म्हणून म्हणतो, डॉक्टर नका म्हणू. आणि ती पिशवी इकडे द्या, कालच्या आहेत ना पोळ्या?