गेनबाच्या विहिरीकडे ओढलेली तार

ऐका. आणि बाजीअण्णा, मधे बोलायचं नाही. त्या रात्री वाटेवर मी होते, तुम्ही घरात घोरत होतात.

आड आटला होता तेव्हाची गोष्ट. गावाला बोअर एकच मंजूर झालेलं, गाडी सकाळी येणार. मारायचं कुठे? अण्णांनी पाणी बघायला तळहातावर नारळ धरला, तो शाळेमागे उभा राहिला. झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "मी भूगर्भशास्त्र शिकलेय, कॉलेजातून यंत्र मागून आणलंय. मला माळावर मोजू द्या. बोअर कोरडं गेलं तर अख्खं गाव वर्षभर डोक्यावर हंडे वाहील, हे मलाही कळतं."

अण्णा हसले. हसलात ना? "मोज की. गाडी यायच्या आत मोज. पण कल्याणी, कोरड्या विहिरीच्या वाटेला जाऊ नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

हे यांचं कारण!

बरं, दिवसा मोजता येत नव्हतं. खालच्या शिवारातले पंप दिवसभर चालू, त्यांची वीज जमिनीत झिरपते आणि यंत्रावरचा आकडा नाचत राहतो. म्हणून अंधार पडल्यावर, शेतीची लाईट गेली तशा आम्ही निघालो. मी, पार्वताआत्या आणि नंदावहिनी. खांद्यावर तारेची रिळं, हातात घण.

काम सोपं आहे. एका रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सांगतात ती कशी गेली. ओल्या, भेगाळलेल्या खडकातून वीज सहज जाते, कोरड्या काळ्या पाषाणात अडते. बाहेरच्या सळया जितक्या लांब, तितकं खोलचं कळतं. मी मधे यंत्रापाशी, आत्या एका टोकाला, वहिनी दुसऱ्या. सळई ठोकली की ओरडायचं, "लावली!" मग मी बटण दाबायचं.

आकडे चांगले येत होते. खाली ओल दिसत होती! पण तिच्याखाली काय, हे शेवटच्या लांब मापाशिवाय कळणार नव्हतं. आणि त्या मापाला वहिनीला कुठे जावं लागणार? कोरड्या विहिरीच्या वाटेवर.

गेली बिचारी. काखेत घण आणि सळई, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात सळईपाशी ओतायच्या मिठाच्या पाण्याचा डबा, म्हणून तारेचा वेढा मनगटाला घेतलेला.

थोड्या वेळानं हाक आली, "लावली!"

बटण दाबलं. वीज जाईना.

"वहिनी, घट्ट ठोक! पाणी ओत!"

"ओतलं! लावली!"

पुन्हा दाबलं. शून्य. यंत्राला आवाजाशी देणंघेणं नसतं हो, सळई मातीत असेल तरच वीज जाते. मी तणतणत गेले. बघते तर वहिनी अजून वाटेच्या अलीकडेच उभी.

"लावली लावली काय ओरडतेस?"

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नाही. तूच म्हणालीस ना, थांब म्हणून?"

मी म्हणाले नव्हते.

पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? पण सकाळी गाडी येणार होती. म्हटलं, "वहिनी, खुणेवर मी तार धरीन, अडेल तिथे सळई ठोक. हाकेवर जाऊ नको." आणि परत यंत्रापाशी आले.

आता ऐका हं. रीळ फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तारेवर जिथे थांबायची खूण होती, ती माझ्या बोटांतून सरकून पुढे गेली. मी रीळ धरलं, सुटलं. ओरडले, "वहिनी, थांब!"

आणि वाटेच्या पलीकडून माझाच आवाज आला. हुबेहूब माझा! "वहिनी, अजून पुढे. इकडे ओल आहे. ये, ये."

मी ओरडते थांब, तो ओरडतो ये. अंधारात दोन कल्याणी! वहिनीनं कुणाचं ऐकावं? मी घसा फोडला. रीळ फिरतच होतं.

मग सुचलं. त्याला आवाज होता, पण तार माझ्या हातात होती! दोन्ही हातांनी धरली आणि मागे हिसका दिला. पुन्हा हिसका. रीळ थांबलं.

वहिनी नंतर म्हणाली, "हाक पुढून येत होती आणि ओढ मागून. मी खाली बॅटरी मारली. माझा एक पाय विहिरीच्या काठावर होता." तिनं वेढा सोडला आणि तारेवर हात फिरवत धावत परत आली.

आली, माझ्या शेजारी बसली, आणि तार पुन्हा ताणली गेली!

पलीकडे कोणी नव्हतं. तरी कोणीतरी ओढत होतं. मग म्हाताऱ्याचा आवाज आला, खोल, विहिरीतून यावा तसा. "माझ्या विहिरीला पाणी आहे. इकडं लावा. इकडं लावा!"

आत्यानं धावत येऊन रिळावर बूड टेकलं. "मेल्या, सोड! नाहीतर घण घालीन!" आत्या, असंच म्हणालीस ना? पण आत्यासकट रीळ सरकायला लागलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि सरळ बटण दाबलं.

वीज गेली! आकडा उसळला! तिकडे सळई नव्हती. म्हणजे उघडं टोक हातात धरून, पाय जमिनीत रोवून तोच उभा होता. अशी किंकाळी फुटली की खालच्या शिवारातली कुत्री भुंकायची बंद झाली. तार सैल पडली.

घरी पळालो असतो तर बोअर शाळेमागे गेलं असतं. पळालो नाही. एकमेकींचे हात धरून तिघी गेलो, वहिनीची सळई खुणेवर ठोकली, माप घेतलं. ओल होती, खोलवर होती! सकाळी माळावर बोअर मारलं. आज तुम्ही जे पाणी पिता, ते तिथलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तोंड उघडलं. पूर्वी गेनबा पाणाड्यानं, म्हणजे पाण्याच्या जागा सांगणाऱ्यानं, त्या विहिरीची जागा दाखवली, गावानं काळा पाषाण फोडला, थेंब लागला नाही. गेनबा रोज काठावर बसून म्हणायचा, पाणी आहे. एक दिवस आतच सापडला. हे मला आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं हो?

म्हणून मी सगळं सांगतेय, कारणासकट. त्या वाटेनं जाऊ नका. गेनबा गेलेला नाही. परवा तिन्हीसांजेला बोअरवर हंडा भरत होते, तिकडून माझाच आवाज येत होता. एकेकाचं नाव घेत होता. अण्णा, तुमचंसुद्धा.

तेव्हा अंधारात मी लांबून हाक मारली, तर येऊ नका. ती मी नाही. मला बोलवायचं असेल तर मी जवळ येईन आणि हाताला धरीन.