पाच व्हॉल्व्हचा क्रम

नाही हो ताई, वेळेचा प्रश्न नाही — शिकवण्याच बंद केल्यात मी. दोन वर्षं झाली. बसा ना, उभ्या का? मुलगी घोकंपट्टी करते म्हणता, गणितंसुद्धा पाठ करते — आणि कुणीतरी सांगितलं, त्या मास्तरांकडे पाठवा, ते पाठ करूच देत नाहीत. खरंय. तीस वर्षं वर्गात हेच ओरडलो — पोपटही बोलतो, पण त्याला कळतं का काही? डोकं आहे ना धडावर, मग काढा की उत्तर! पाढा अडला तर बेरीज करून काढायला लावायचो. माझ्या मुलाला तर जास्तच.

तो कारखान्यात लागला, बॉयलरवर. तिथे पाच व्हॉल्व्ह — वाफेचा पाइप फुटला तर आधी कुठला बंद करायचा, मग कुठला, याचा क्रम ठरलेला. भिंतीवर तक्ता होता, तरी फोरमन नव्या माणसाकडून महिनाभर रोज पाठ म्हणून घ्यायचा. मुलगा जेवताना त्याची नक्कल करायचा. ही म्हणाली, "अरे, कर की पाठ, तुझं काय जातंय?" आणि मी — मी काय म्हणालो असेन? "वाफ कुठून येते, कुठे जाते हे कळलं की क्रम आपोआप सुचतो. कशाला डोकं शिणवतोस?" हसलो आम्ही दोघं. ही नाही हसली.

मग फुटला पाइप. खोलीभर वाफ, तक्ता दिसेना. बरोबरचा माणूस भाजला, पण वाचला — तो सांगत होता, तुमचा मुलगा मोठमोठ्यानं बोलत होता हो, 'वाफ इकडून येतेय, म्हणजे आधी हा — मग दाब मागं सरकणार, म्हणजे आता तो —' माझंच बोलणं! फळ्यापुढे मी बोलायचो, अगदी तसं. तीन बंद केले त्यानं. तिन्ही बरोबर, क्रमानं. कुठे चुकला नाही. चौथ्यापर्यंत हात गेला होता म्हणे.

अकरा सेकंद लागतात — पाठ असेल तर. मला कसं ठाऊक? फोरमनकडून क्रम लिहून आणलाय ना. लाल, खालचा, भिंतीलगतचा, उंचावरचा, मागचा. रोज म्हणतो. या इथे भिंतीपुढे उभा राहतो, हात फिरवतो, घड्याळ लावून. ही आतून ऐकते. काल मात्र दारात आली नि म्हणाली, "आता येतंय ना तुम्हाला? मग पुरे करा." येतंय हो. झोपेतसुद्धा येतं. पण पुरे कसं करू?

तुमच्या मुलीला तुमचा फोन नंबर पाठ आहे? आहे? मग ओरडू नका तिला. मी शिकवीन हो, तिला सगळं छान कळेलही — आणि मग एखाद्या दिवशी ती विचार करत उभी राहील. नको. या तुम्ही.